क्विल्टी ठाण्यात आहे

यारानडूला चौकशी आयोग येणार हे कळल्यापासून गावातल्या एकुलत्या एका न्हाव्याला दुपारचं जेवण गरम मिळालं नव्हतं. पोलीस, पोलिसांचे चाहते, क्विल्टी घराण्याचे उघड आणि छुपे नातेवाईक, सगळेच दाढी करून घेत होते. मेलबर्नहून पाच बडे लोक येऊन कोर्टाच्या खोलीत बसणार होते, आणि मार्टिन क्विल्टी या दरोडेखोराच्या पाठलागात पोलिसांचं नेतृत्व कसं होतं याचा छडा लावणार होते. पाठलाग दीड वर्ष चालला होता. तेवढ्या खर्चात डोंगरापर्यंत आगगाडी गेली असती, असं वर्तमानपत्रं लिहीत होती.

नेतृत्व चांगलं की वाईट हे ठरवणं फारसं अवघड नव्हतं. अडचण एवढीच, की नेतृत्वं दोन होती.

एक सुपरिटेंडंट ऑगस्टस वेदरॉल. साठीचे, अंगाने भरलेले. दरोडेखोराच्या मागावर निघताना त्यांच्याबरोबर तंबू, आचारी आणि पत्र्याचा न्हाण्याचा टब निघायचा, त्यामुळे साहेब येताहेत हे डोंगरातल्या मेंढ्यांनाही आदल्या दिवशी कळायचं. दुसरे इन्स्पेक्टर मॉर्टिमर स्ट्रॅडलिंग. चाळिशीचे, काटकुळे, मिशांना मेण लावणारे. एक उत्तरेला गेला की दुसरा हटकून दक्षिणेला जायचा. एकमेकांशी ते बोलत नसत. तारा करत, आणि त्या तारांमधली सरकारी सभ्यता वाचून तारमास्तरच्या अंगावर काटा यायचा.

आयोग बसायच्या दोन दिवस आधी हे स्ट्रॅडलिंगसाहेब ठाण्याच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सार्जंट कॉर्नेलियस डेव्हेनची बायको होनोरा तेव्हा पावाचं पीठ मळत होती. गाव तिला नोरा म्हणे, त्याला कॉन.

"मिसेस डेव्हेन, एक छोटंसं काम होतं."

"शर्ट उद्याशिवाय वाळत नाहीत, साहेब."

"शर्ट नव्हेत हो. साक्ष द्यायची आहे. त्या दिवशी टपालगाडीवाल्याबरोबर तुम्ही निरोप पाठवलात तो माझ्यासाठी होता, एवढंच सांगायचं. आयोगाला कळायला हवं, की संकटात सापडलेल्या बाईला पहिली आठवण कुणाची झाली."

"मी त्याला म्हटलं, वाटेत जो पोलीस भेटेल त्याला सांग."

"मग त्यात मी आलोच की!"

"आलात ना. तुम्हीही आलात, वेदरॉलसाहेबही आले. म्हणून तर सगळा घोळ झाला."

स्ट्रॅडलिंगसाहेब मोकळेपणाने हसले. बायकांच्या बोलण्यावर हसून मोकळं व्हायची त्यांना सवय होती. जाताना त्यांनी तिचं नाव साक्षीदारांत घालून टाकलं, आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर एवढा मोठा धोंडा पाडून घेतल्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

झालं होतं ते असं.

उन्हाळा संपत आला होता. ठाण्यातले सगळे पोलीस क्विल्टीच्या मागावर गेले होते आणि ठाण्यात नोरा, तिची तीन पोरं आणि एक गाय एवढाच बंदोबस्त होता. सकाळी उन्हं वर येताना मार्टिन क्विल्टी अंगणात आला. पायी आला. हातात घोड्याचा लगाम होता आणि घोड्यावर कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी आडवं बांधलेलं होतं. नोराने त्याला लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारात तिनेच तिची उशापायथ्याशी बसून सेवा केली होती. पण हा माणूस दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला, वीस वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"डेव्हेनबाई, कॉन आहे का?"

"नाही. तुलाच शोधायला गेलाय."

"कधी येईल?"

"तू सापडलास की."

क्विल्टीने यावर थोडा वेळ विचार केला. "मग मी थांबतो," तो म्हणाला.

घोड्यावर त्याचा धाकटा भाऊ होता, फेलिम. गोळी लागली नव्हती की कड्यावरून कोसळला नव्हता. डोंगरात तापाने फणफणून गेला होता. डॉक्टर आणायला क्विल्टी दोनदा खाली उतरला, आणि दोन्ही वेळा डॉक्टर वेदरॉलसाहेबांच्या तुकडीबरोबर होता, कारण साहेबांच्या पायाचा अंगठा सुजायचा.

"आईशेजारी पुरायचाय त्याला," क्विल्टी म्हणाला. "चोरून नाही. फादरना बोलवा, घंटा वाजू दे. तेवढं झालं की मी तुमचा."

त्याने बंदूक स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. पोरांचे हात लागतील म्हणून नोराने ती उचलून पिठाच्या पिंपात खोचली आणि वर झाकण ठेवलं.

दुपारी घंटा वाजली. अख्खी वसाहत ज्याला शोधत होती तो माणूस गावाच्या मधोमध, उघड्या डोक्याने, भावाच्या पेटीमागून चालला. नोरा तान्हीला कडेवर घेऊन त्याच्या शेजारी चालली. गाव दारात उभं होतं. माती लोटून झाल्यावर तो तिच्याबरोबर परत आला आणि कोठडीपाशी उभा राहिला.

"किल्ली?"

नोराला तेव्हा आठवलं. "कॉनच्या पट्ट्याला आहे रे. डोंगरात."

"असू दे. दार लोटून घेतो."

आणि त्याने घेतलं. ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस तो नुसत्या लोटलेल्या दारामागे बसून राहिला. नोरा त्याला मटणाचा रस्सा आणि पाव नेऊन देई, तो थाळी विसळून उंबऱ्याबाहेर ठेवी. मधे एकदा गाय सुटली तेव्हा तो बाहेर आला, त्याने तिला धरून बांधलं आणि परत जाऊन दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालगाडी निघाली तेव्हा नोराने गाडीवानाजवळ निरोप दिला होता. तीनच शब्द: क्विल्टी ठाण्यात आहे.

गाडीवान इमानी होता. नदीवर त्याला स्ट्रॅडलिंगसाहेब भेटले, त्यांना त्याने सांगितलं. पुढच्या मुक्कामावर वेदरॉलसाहेब भेटले, त्यांनाही सांगितलं. आता दरोडेखोर ठाण्यात आहे म्हटल्यावर तो कोठडीत आहे असा अर्थ घ्यायला माणसाचा आपल्या ठाण्यावर थोडाफार विश्वास लागतो. दोन्ही साहेबांनी एकच अर्थ घेतला: क्विल्टीने ठाणं काबीज केलंय आणि सार्जंटचं कुटुंब ओलीस धरलंय.

उजाडता उजाडता वेदरॉलसाहेबांची तुकडी उत्तरेकडून तबेल्याच्या आडोशाला आली. तेव्हाच स्ट्रॅडलिंगसाहेबांची तुकडी दक्षिणेकडून चर्चच्या कुंपणामागे येऊन दबा धरून बसली. एक आलाय हे दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. मधे ठाणं. पहिली गोळी कुणाची, यावर पुढे पुष्कळ कागद खर्च झाला. पण ती लाकडी फळ्यांतून आरपार जाऊन पलीकडच्या तुकडीच्या डोक्यावरून गेली, आणि पलीकडच्यांची खात्री पटली, की क्विल्टी गोळीबार करतोय. त्यांनी उत्तर दिलं. ते आरपार अलीकडे आलं. अलीकडच्यांची खात्री आणखीच पटली.

नोरा पोरांना घेऊन टेबलाखाली शिरली होती. एवढ्यात क्विल्टी अंगणातून वाकून धावत आला.

"इथे नका थांबू! या फळ्या म्हणजे बिस्किटं! कोठडीत चला, तिच्या भिंती ओंडक्यांच्या आहेत!"

दोन मोठी पोरं त्याने दोन काखांत मारली, नोराने तान्हीला घेतलं, आणि सगळे कोठडीत शिरले. क्विल्टी दाराला पाठ लावून बसला.

"दीड वर्ष पळत होतो," तो म्हणाला, "तेव्हा कुणी एवढ्या गोळ्या घातल्या नाहीत. पकडला गेलो आणि हे सुरू!"

कॉन डेव्हेन वेदरॉलसाहेबांच्या तुकडीत होता. "साहेब, माझी बायकापोरं आत आहेत," असं तो दोनदा म्हणाला. साहेब म्हणाले, "इतिहास त्यांना विसरणार नाही." तेव्हा कॉन उठला आणि बटाट्याच्या वाफ्यातून सरपटत निघाला. घर रिकामं होतं. मग त्याने कोठडीचं दार ढकललं. आत बायको होती, पोरं होती, आणि मधला मुलगा वसाहतीतल्या सर्वांत भयंकर माणसाच्या मांडीवर बसून त्याच्या कोटाचं बटण चावत होता.

"आत ये आणि दार लाव," क्विल्टी म्हणाला. "बाहेरचं काही खरं नाही."

शेवटी कॉनने नोराचा पांढरा एप्रन काठीला बांधून हलवला तेव्हा गोळीबार थांबला. बायकापोरांना बाहेर काढून त्याने कोठडीच्या कुलपात किल्ली फिरवली; क्विल्टी आल्यापासून पहिल्यांदाच. बंदूकही त्यानेच पिठातून काढली. अंगणात दोन्ही साहेब समोरासमोर आले होते. वेदरॉलसाहेबांच्या उजव्या हाताचा अंगठा गोळीने अर्धा गेला होता.

त्या सकाळचे दोन अहवाल गेले. एकात क्विल्टीला वेदरॉलसाहेबांनी पकडलं होतं, दुसऱ्यात स्ट्रॅडलिंगसाहेबांनी. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: क्विल्टीने शेवटपर्यंत गोळ्या झाडल्या. कॉनला सांगितलं तिथे त्याने सही केली.

मेलबर्नच्या कोर्टात वेदरॉलसाहेब काळ्या रेशमी झोळीत हात घालून उभे राहिले. दरोड्यांबद्दल क्विल्टीला दहा-बारा वर्षं पडली असती. पण पोलीस अधिकाऱ्याला ठार मारायच्या इराद्याने जखमी केलं म्हटल्यावर फाशी. साक्ष द्यायला तयार आहे असं फादरनी क्विल्टीच्या वकिलाला लिहिलं होतं. वकिलाने ठरवलं, की आयरिश दरोडेखोरासाठी आयरिश पाद्री उभा केला तर निकाल आणखी लवकर लागेल. नोराला कुणी विचारलंच नाही. तिने शिक्षा वर्तमानपत्रात वाचली, आणि त्या दिवशी घरातला पाव करपला.

फाशीचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आयोग यारानडूला आला.

साक्षीच्या आदल्या दिवशी कॉन वाफ्यात बटाटे खणत होता. नोरा टोपली घेऊन शेजारी बसली.

"उद्या काय सांगणार आहेस?" त्याने मान वर न करता विचारलं.

"विचारतील ते."

"ते फक्त नेतृत्वाबद्दल विचारणार आहेत."

"मग नेतृत्वाबद्दल सांगेन."

"नोरा, किल्ली माझ्या पट्ट्याला होती. ठाणं सोडताना किल्ली ठेवून जायची असते. आणि तो अहवाल... तीन पोरं आहेत आपल्याला. माझी सही आहे त्याच्यावर."

"तीन पोरं आहेत," नोरा म्हणाली. "तेच म्हणतेय मी. कुणी उचलून नेली होती त्यांना?"

कॉनने फावडं मातीत रोवलं. "मला झोप लागत नाही गं," एवढंच म्हणाला. मग त्याने दोघांच्या मधल्या टोपलीत एकेक बटाटा पुसून ठेवायला सुरुवात केली, जणू ते काचेचे होते.

कोर्टाच्या खोलीत माशा आणि माणसं सारखीच दाटली होती. मधोमध अध्यक्ष पेनफोल्ड, विधानसभेतले मोठे वक्ते. बाजूला चार सभासद, त्यांतला एक हॅडो नावाचा लोकरीचा व्यापारी सकाळपासून पेंगत होता. एका भिंतीला वेदरॉलसाहेब झोळीसकट, समोरच्या भिंतीला स्ट्रॅडलिंगसाहेब मिशांसकट. कॉनची साक्ष सकाळीच झाली होती. त्याला बहुतेक काही आठवत नव्हतं, आणि अध्यक्षांनी त्याच्या शिस्तीचं कौतुक केलं होतं.

"मिसेस डेव्हेन," अध्यक्ष म्हणाले, "थोडक्यात सांगा. तुमच्या मते क्विल्टी पकडला गेला तो कुणाच्या व्यवस्थेमुळे?"

"माझ्या, साहेब. त्याला कोठडीत मीच नेलं."

खोलीत कुजबुज झाली. स्ट्रॅडलिंगसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"म्हणजे तुम्ही... एकटीने? त्याने प्रतिकार केला नाही?"

"मला कसला प्रतिकार करतो? दमला होता बिचारा. भावाला पुरून आलो आम्ही, मग तो आत गेला."

"आणि तुम्ही कुलूप लावलंत."

"नाही. किल्ली नव्हती. त्याने दार लोटून घेतलं."

"किती वेळ होता तो असा?"

"ती रात्र, मग अख्खा दिवस, मग दुसरी रात्र. मधे एकदा बाहेर आला. गाय सुटली होती."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि अध्यक्षांनी टेबलावर हातोडा आपटला. "बाई, आयोगापुढचा विषय नेतृत्व हा आहे. गाय नाही."

"मला वाटलं, कोण कुणाच्या मागे होतं ते विचारताय," नोरा म्हणाली.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. बाई अडाणी आहे, भेदरून बोलतेय, असं लिहून अध्यक्ष पुढे सरकले असते. पण हॅडो जागा झाला होता. त्याला नेतृत्वातलं काही कळत नव्हतं. मात्र गठ्ठ्याचं वजन जमत नसेल तर त्याला चैन पडत नसे.

"एक मिनिट. गोळीबाराच्या वेळी क्विल्टी कुठे होता?"

"कोठडीत. आमच्याबरोबर. आमचा मधला त्याच्या मांडीवर होता."

"आणि बंदूक?"

"माझ्या पिठाच्या पिंपात. तो आला त्या दिवसापासून. आमच्या यांनीच काढली ती, पांढरीफेक होती. अजून तळाचं पीठ चाळताना तेलाचा वास येतो."

"म्हणजे क्विल्टीने गोळी झाडलीच नाही?"

"नाही."

"मग," हॅडोने झोळीकडे बोट केलं, "सुपरिटेंडंटसाहेबांचा अंगठा कुणी उडवला?"

नोराने प्रामाणिकपणे विचार केला. "ते मला कसं ठाऊक असणार, साहेब? मी कोठडीत होते. वेदरॉलसाहेब तबेल्यापाशी होते. ज्याच्या हातात बंदूक होती आणि जो त्यांच्या समोर होता, त्याने उडवला असेल."

वेदरॉलसाहेबांनी हळूहळू मान वळवली. तबेल्याच्या समोर चर्चचं कुंपण होतं. त्यांची नजर खोली ओलांडून समोरच्या भिंतीवर गेली आणि मेण लावलेल्या मिशांवर जाऊन थांबली. इतके महिने हा माणूस दरोडेखोराच्या गोळीची जखम अभिमानाने मिरवत होता. दरोडेखोराच्या हातून अंगठा जाणं ही शोभेची गोष्ट होती. स्ट्रॅडलिंगच्या हातून जाणं हा भर चौकात थोबाडीत बसल्यासारखा अपमान, छे, त्याहून वाईट: तो विनोद होता.

"तुम्ही!" वेदरॉलसाहेब उठून उभे राहिले. "तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात!"

"मी ठाण्यावर झाडत होतो," स्ट्रॅडलिंग ओरडले, "आणि ठाण्यातून माझ्यावर... म्हणजे तुम्ही झाडत होतात! माझ्या हवालदाराची टोपी तुम्ही उडवलीत!"

अध्यक्षांच्या हातोड्याचा दांडा त्या दिवशी निखळला.

त्यानंतर यारानडूत स्मरणशक्तीची साथ आली म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याच दिवशी वेदरॉलसाहेबांनी शपथेवर लेखी दिलं, की क्विल्टीची बंदूक थंड होती, पिठाने माखलेली होती, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. ज्या काही आल्या त्या दक्षिणेकडून, इन्स्पेक्टर स्ट्रॅडलिंग यांच्या बेजबाबदार नेतृत्वाखाली. दुपारी स्ट्रॅडलिंगसाहेबांनी शपथेवर दिलं, की क्विल्टी आपण होऊन स्वाधीन झालेला शांत कैदी होता, आणि राणीच्या सरकारच्या ठाण्यावर, आत राणीच्या सरकारचा कैदी असताना, सुपरिटेंडंट वेदरॉल यांनी हल्ला चढवला. दोन्ही तुकड्यांतल्या शिपायांनाही भराभर आठवू लागलं. कॉन डेव्हेन मात्र नोराच्या साक्षीच्याच संध्याकाळी, कुणी बोलवायच्या आधीच आयोगापुढे जाऊन उभा राहिला होता. "सकाळी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "सही माझी आहे, मजकूर माझा नाही. किल्ली माझ्यापाशी होती." त्याच्या शिस्तीचं पुन्हा कुणी कौतुक केलं नाही.

क्विल्टीचा जीव वाचावा असं त्या दोन साहेबांपैकी एकालाही वाटत नव्हतं. पण एकमेकांना बुडवायचं तर मधे क्विल्टी तरंगायलाच हवा होता, त्याला इलाज नव्हता. दोघांची लेखी निवेदनं एकाच तारेने राजधानीत गेली. दीड वर्षात त्यांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. शनिवारी उत्तर आलं: फाशी रद्द, दरोड्यांबद्दल बारा वर्षं.

आयोगाचा अहवाल हिवाळ्यात छापून आला. जाडजूड होता. वेदरॉलसाहेबांचं नेतृत्व मंद होतं असा ठपका ठेवून त्यांना पूर्ण पेन्शनवर घरी पाठवण्यात आलं, वर कामावर असताना अंगठा गेल्याबद्दल भत्ता. स्ट्रॅडलिंगसाहेबांचं नेतृत्व उतावळं ठरलं, म्हणून त्यांना दूरच्या जिल्ह्यात बढतीवर धाडलं. किल्ली पट्ट्याला लावून नेल्याबद्दल आणि ठाणं अनधिकृत व्यक्तीच्या ताब्यात सोडल्याबद्दल सार्जंट डेव्हेनचा हुद्दा काढून त्याला साधा शिपाई करण्यात आलं. ती अनधिकृत व्यक्ती कोण, याचा अहवालात खुलासा नव्हता. नोराच्या साक्षीबद्दल एक ओळ होती: "सार्जंटच्या पत्नीची साक्ष अनावश्यक तपशिलांमुळे लांबली."

गावातही बदल झाला. इतकी वर्षं पोलिसाची बायको म्हणून क्विल्टीचे नातेवाईक तिला रस्त्यात पाहून थुंकायचे. ते आता टोपी काढू लागले. पोलिसांच्या बायकांनी बोलणं टाकलं. एकंदरीत रामराम करणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली.

हुकूम आला त्या दुपारी कॉन स्वयंपाकघरात बसून बाहीवरच्या फिती उसवत होता. दोरा पक्का होता, आणि तो नोरानेच घातलेला होता.

"आण इकडे, कापड फाडशील," ती म्हणाली आणि तिने कोट ओढून घेतला.

तो तिच्याकडे पाहत राहिला. "एक सांग. आयोगाने तुला बोलावलंच नसतं, तर तू काय केलं असतंस?"

नोराने सुईच्या टोकाने एक टाका उचलला. "मेलबर्नला गेले असते. भाडं काढून ठेवलं होतं."

"मला नाही बोललीस."

"तू झोपत नव्हतास. म्हटलं, आणखी कशाला."

कॉन हसायला लागला, आणि हसता हसता त्याने तळहाताने डोळे पुसले. फीत निघाली तिथे कापडाचा मूळचा गर्द निळा पट्टा दिसत होता. बाकीचा कोट उन्हाने विटून गेला होता. नोराने तो उजेडात धरून पाहिला, हा फरक काही लपायचा नाही म्हणाली, आणि दुसरी बाही पुढे ओढली.